टेपकाकूंनी चोर पकडला

टेपकाकूंच्या गळ्यात टेप नाही असं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तर हे नाव. त्यांचं शिलाईचं दुकान बावीस वर्षांचं, आणि कपडे शिवणारे मास्तर पहिल्या दिवसापासूनचे. उरलेला वीतभर तुकडासुद्धा गुंडाळून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही काकूंची शिस्त. पण महिन्याभरात चार जणांची कापडं गायब झाली. धाकट्या दिराने मास्तरांवर ठपका ठेवला. रविवारपर्यंत चोर सापडला नाही तर मास्तरांना घरी बसवायचं, असं त्याने जाहीरच केलं.

काकूंच्या अंगात वारं शिरलं. कॅमेरेच बसवू म्हणाल्या. कॅमेरेवाला आठ कॅमेऱ्यांची यादी घेऊन आला. काकूंनी एक कॅमेरा लावायला सांगून त्यालाच भर दुपारी दारात उभं केलं. पडद्यावर मागच्या उन्हाने त्याचं तोंड तव्यासारखं काळं. अशाने चोर ओळखायचा कसा, म्हणत काकूंनी दोनच घेतले. एक बाहेर, उन्हाकडे पाठ करून, दुसरा कापायच्या टेबलावर. मापं घ्यायच्या खोलीत मात्र एकही नाही, हे त्यांनी ठणकावलं.

पहिल्या दिवसाचं चित्र बघायला काकू चहा तसाच टाकून धावल्या. पाहतात तर दिवसभर नुसतं निळं अस्तर! शिंप्याला कुठे दांडी दिसली की तो तयार कपडा टांगणारच. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या दांडीला कोट अडकवला होता. दिराला आयतंच सापडलं. मुद्दामच झाकला म्हणाला.

कोट उतरवला. शनिवारी पाचवं कापड गेलं, बदामी रंगाचं. दीर-भावजय पडद्यापुढे बसले. पडद्यावर मास्तर मशीनवरून हललेसुद्धा नाहीत. टेबलाशी एक बाई आली, गळ्यात टेप. तिने उरलेला हिरवा तुकडा उचलला, खालचं बदामी कापडही त्यातच आलं. घट्ट गुंडाळी केली, दोरा बांधला आणि हसत गिऱ्हाइकाच्या हाती दिली. ती गुंडाळी घरी गेल्यावर सोडून बघतंय कोण!

काकू हसून हसून टेबलाला टेकल्या.

"मास्तर, चोर सापडला. या, तुम्हीच ओळखा."

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. "वहिनी, ही तर मला रोज चहा देते."

दिराची मान खाली गेली. त्या त्या दिवशी गुंडाळ्या नेलेल्या घरांची यादी काकूंनी कापडं परत आणायला त्याच्या हातात कोंबली आणि जाताना मास्तरांची माफी मागून जा म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढली, मास्तरांना शेजारी बसवलं आणि सारं चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.