चाकांत हवा होती

इरा, मिहीर,

तुम्हाला आजीची पत्रं माहीत आहेत. डावीकडे समास, वर पानाचा क्रमांक, शेवटी सही. या पत्रालाही समास आहे. पण यात जे आहे ते मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. तुमच्या आजोबांपाशीही नाही, आणि ते तर एकेचाळीस वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायले.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तीन ओळी लिहिल्या आणि थांबले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्या भाषेत माझं वाक्य कधी अडखळत नाही. इथे अडखळायला हवं, म्हणून मराठी. मिहीर, एखादा शब्द अडला तर ताईला विचार. ती सांगेल.

गेल्या रविवारी, इरा, तू फोनवर मला तीन फ्लाइंग स्कूलची नावं वाचून दाखवलीस. "आजी, तू यादी कर ना. कुठे जाऊ?" म्हणालीस. तेवढ्यात मागून तुझी आई हसत आली. "अगं, आजीलाच विचार! माझ्या वेळी तिनेच तर वाचवलं मला. नाहीतर गेले असते त्या चाकात हवा नसलेल्या ठिकाणी!" तुम्ही तिघंही हसलात. मीही हसले. हसले ना? तुम्हाला स्क्रीनवर तसंच दिसलं असेल.

चाकात हवा नाही. आपल्या घरातलं हे वाक्य तुम्हीही वापरता. मिहीरच्या शाळेचा प्रोजेक्ट फसला तेव्हा तो हेच म्हणाला होता. तुमच्या मामेआजोबांनी आणलेलं एक स्थळ तुमच्या आईने याच वाक्यावर परत पाठवलं होतं. कॉलनीतसुद्धा कुणाचं काम भरवशाचं नसलं की लोक म्हणतात, "प्रज्ञाच्या आईला विचारा, चाकात हवा आहे का." सगळ्यांना ते गमतीचं वाटतं. ते खरं कुठून आलं, ते फक्त मला ठाऊक आहे.

मला जरा मागून यावं लागेल.

माझे वडील मूळचे सायखेड्याचे. घरात शिकलेले पहिले. नाशिकला कारकून झाले. त्यांची एक शिस्त होती. काहीही लिहायचं ते आधी कच्च्या वहीत, पेन्सिलीने, उभ्या उभ्या, जसं दिसेल तसं. मग घरी येऊन, हात धुऊन, पक्क्या वहीत शाईने. ते म्हणायचे, आपल्या माणसांचं तोंडी बोललेलं कुणी मानत नाही, म्हणून आपलं लिहिलेलं असं हवं की कुणाला बोट ठेवता येऊ नये. ही पद्धत मी सासरी आणली. किराण्यापासून तुमच्या आईच्या गोवराच्या तारखांपर्यंत सगळं आधी कच्चं, मग पक्कं. आणि घरात पक्की वहीच वाचायची. कच्ची कधी कुणी उघडायचं नाही. ती कशाला उघडायची? पक्क्यात आलंच की.

तुमची आई एकवीस वर्षांची होती. तुम्हाला ती कशी होती ते माहीत नाही. ओझरच्या धावपट्टीकडून विमानाचा आवाज आला की हातातला घास तसाच ठेवून ती गच्चीवर पळायची आणि मान वर करून उभी राहायची. आजोबा चिडवायचे, "प्रज्ञे, पोळी गार झाली. वैमानिकाला हाक मारून विचार, खातोस का म्हणून." तिने वैद्यकीय तपासणी पास केली होती. हवामानशास्त्राचं जाड पुस्तक आणून त्याला खाकी कव्हर घातलं होतं. रविवारी विहारात वंदना झाली की बायका तिला घेरून विचारायच्या, "आमचं घर वरून दिसलं तर हात करशील ना गं?" पैशांची सोय झालेली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे तुम्हाला वाटेल की अडचण ती असेल. ती नव्हती.

प्रश्न एवढाच होता की शिकायचं कुठे. तेव्हा आजच्यासारखं मोबाइलवर काही दिसत नव्हतं. प्रत्यक्ष जाऊन बघावं लागायचं. खानदेशात एका गावाबाहेर धावपट्टी होती, तिथली एक संस्था आम्ही निवडली होती. तुमच्या आईची बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं चालू होती. आजोबांचा पाय प्लास्टरमध्ये. मग मीच निघाले. तुमच्या आईने कच्च्या वहीत सोळा प्रश्न लिहून दिले, आणि खाली सतरावा आजोबांनी स्वतःच्या हाताने घातला, 'मुलीला पाठवावं का?' प्रत्येकासमोर उत्तराला जागा सोडलेली. मी सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी पकडली.

बाळांनो, ती जागा फार चांगली होती.

एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तिथे शिकवायला एक बाई होत्या. मालेगावच्या. विणकराच्या घरातल्या, फरीदा नाव. तुमच्या आईपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी वही उघडून विचारलं, विमानं किती? त्या हसल्या. "ताई, किती आहेत ते सगळेच विचारतात. आज सकाळी किती उडाली ते विचारा ना." मग स्वतःच फळ्याकडे घेऊन गेल्या. कोणता विद्यार्थी किती वाजता वर गेला, किती वाजता उतरला, सगळं खडूने लिहिलेलं. चार विमानं, चारही त्या सकाळी उडालेली. एका मुलाला मी बाजूला घेऊन विचारलं, तू शेवटचा कधी उडालास? मला वाटलं, आठवडा सांगेल. "काल, मावशी. आणि आता परत जातोय," म्हणाला. परवान्याला लागणारे उड्डाणाचे दोनशे तास सव्वा वर्षात होतात, असं तिथल्या नोंदींवरून दिसत होतं. मी खाली वाकून चाकही दाबून पाहिलं, आजोबा स्कूटरचं चाक अंगठ्याने दाबायचे तसं. टणक होतं. फरीदाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई दिसता!"

मग त्यांनी मला विमानात बसवलं. नुसतं बसायला, उभ्या विमानात. आणि दार लावून घेतलं. त्या दाराचा आवाज मला अजून ऐकू येतो. आपल्या कपाटाच्या दारापेक्षा हलकं दार. एवढ्याशा पत्र्याच्या पलीकडे सगळं आकाश?

तिथे भीती वाटली असं लिहिलं तर तुम्ही मला माफ करून टाकाल. आई होती, घाबरली. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आले. पण ते पुरतं खरं नाही. त्या खुर्चीत बसून मला माझी मुलगी पडताना दिसली नाही. मला ती उडताना दिसली. एका हाताने सहज काहीतरी फिरवते आहे, पुढे बघते आहे, आणि मागे वळून बघायचं तिला काही कारण नाही. तोवर तिचं प्रत्येक पान आधी माझ्या हाताखालून गेलेलं होतं. तिथे वर माझी वही कशाला लागणार होती? मला ते सहन झालं नाही. एवढंच आहे ते. याला दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

परतताना मालेगावच्या स्टँडवर गाडी तासभर थांबली. पक्की वही मी नेहमी घरी, टेबलाशी बसून लिहायची. संस्थेचा पत्ता तिच्यात होता म्हणून त्या दिवशी ती सोबत होती, बाकावरच काढली. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, कांद्याच्या रोपांची जुडी मांडीवर. "काय लिखी राहिनी वं बहिन?" तिने विचारलं. मुलीच्या शिक्षणाचं, म्हटलं. "पोरी किती शेतस?" एकच, म्हटलं. ती बोलली, "एकच शे? मंग तिले जपजो." आणि आपल्या जुडीवर पाणी शिंपडायला लागली. तिचा काही दोष नाही. मी पेन आधीच उघडलेलं होतं.

पहिली ओळ खरी लिहिली. विमाने, चार. दुसरी — त्यांपैकी उडणारी. तिथे पेन थांबलं. मग लिहिलं, एक. पुढे सगळं भराभर आलं. बाकीच्या तीन विमानांवर ताडपत्री, चाकांत हवा नाही. शिकवणारे एकच गृहस्थ, तेही सोडून जाण्याच्या बेतात. विद्यार्थी महिना-महिना बसून. दोनशे तासांना तीन वर्षं. असल्या जागांबद्दल आम्ही ऐकलेलं होतं, त्यामुळे शोधावं काहीच लागलं नाही. माझं अक्षर जराही हललं नाही. समाससुद्धा सरळ आला.

फरीदाबाई मी त्या पानावरून पुसूनच टाकल्या.

घरी आल्यावर तुमच्या आईने पक्की वही वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाली, "दुसरीकडे बघायचं का गं?" मी म्हटलं, सगळीकडे हेच असणार. तिने आजोबांकडे पाहिलं. ते प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. म्हणाले, "आई स्वतः बघून आली ना? मग झालं." तिला धीर द्यायला वर म्हणाले, "चाकात हवा नसलेल्या विमानात माझी पोरगी नाही बसणार बुवा." ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. ते वाक्य असं जन्माला आलं.

ती रडली असती, भांडली असती, कच्ची वही मागितली असती तर? मी दिली असती का? माहीत नाही. तिने मागितलीच नाही. तिचा विश्वास इतका साधा होता की मला लपवायचे कष्टही पडले नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एम.एस्सी., कॉम्प्युटर, तुमचे बाबा, कॅनडा. चांगलं आयुष्य आहे तिचं, मी नाही म्हणत नाही. पण "झालं ते बऱ्यासाठीच" असं म्हणायचा हक्क मला नाही. ते म्हणायचं तर तिने म्हणावं. आणि गंमत बघा, मला तिला जवळ ठेवायचं होतं. ती गेलीच. विमानानेच गेली, खिडकीपाशी बसून, कुणीतरी दुसरं चालवत होतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही पाहिलेली नाही, ती मी पाहिली. त्या उन्हाळ्यानंतर ओझरकडून आवाज आला की ती मान वर करेनाशी झाली. पोळी खात राहायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढली.

इरा, मागच्या दिवाळीला तू इथे होतीस. गच्चीवर कपडे वाळत घालताना तसाच आवाज आला, आणि तू हातातला टॉवेल तसाच धरून मान वर केलीस. तुझ्या आईने तुझ्याकडे पाहिलं. वर नाही, तुझ्याकडे. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तुझ्या हातातून टॉवेल घेतला आणि दोरीवर टाकला.

आता तुझ्या तीन नावांबद्दल. यादी मी करणार नाही. तू स्वतः जा. विमानं किती ते विचारू नकोस, आज सकाळी किती उडाली ते विचार. शिकणाऱ्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचार, तू शेवटचा कधी उडालास. शिकवणाऱ्याजवळ तासभर बस, तो चुकणाऱ्याशी कसा बोलतो ते ऐक. चाक स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघ. कुणाच्या वहीवर जाऊ नकोस. माझ्या तर नाहीच.

पाकिटावर नाव तुमच्या आईचं घातलं आहे. तिने आधी वाचावं, मग तुम्हाला द्यायचं की नाही ते तिने ठरवावं. म्हणजे हे तुम्ही वाचत असाल तर तिने वाचलेलं आहे. मला उत्तर नको. रविवारी फोन आला नाही तरी चालेल, आणि आला तर यातलं काही बोलायला हवं असं नाही.

पत्रासोबत एक पान आहे. कडा पिवळ्या झाल्या आहेत, पेन्सिल पुसट आहे, म्हणून वाचायला त्रास होऊ नये एवढ्यासाठी त्यातलं इथे उतरवते. हे कच्च्या वहीतलं पान, त्याच दिवशीचं. ते मी फाडलं नव्हतं, का ते ठाऊक नाही. विमाने चार, चारही आज उडाली. चाके पाहिली, टणक. शिकवणाऱ्या बाई उत्तम, हसतमुख, कडक. जेवण साधे, स्वच्छ. मुलींची राहण्याची सोय वेगळी, दाराला आतून कडी. असे सोळा प्रश्न, सोळा उत्तरं. आणि सगळ्यात खाली, आजोबांच्या अक्षरात, 'मुलीला पाठवावं का?' त्यापुढे मी, विमानात बसायच्या आधी, पंखाच्या सावलीत उभी राहून लिहिलं होतं —

'उद्याच.'

आजी