कागदाच्या माथी मारलेला दोष

माझा मामा मुद्रक होता. बोळातल्या दोन खोल्यांत त्याचा छापखाना. पुढे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या पेट्या, मागे पायाने चालवायचं यंत्र. स्वभावाने गमत्या. कुणी लग्नपत्रिका छापायला आलं की विचारायचा, "नवऱ्यामुलाचं नाव पक्कं ना? मागाहून बदललंत तर मला खिळे पुन्हा जुळवावे लागतात!"

माझी आई त्याची थोरली बहीण. ती सुईण. चाळीस वर्षांत जे हाताला कळलं ते तिने वह्यांमध्ये उतरवलं होतं. अडलेली बाई कशी सोडवायची, मूल पायाळू असेल तर हात कुठे लावायचा, सगळं. त्याचं पुस्तक मामानेच छापलं. त्याच पैशांत जास्त प्रती निघाव्यात म्हणून हलका कागद आईने निवडला.

छपाईच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. शाई घट्ट होऊन रोलरवर पसरेना. अशा वेळी तिच्यात कढवलेलं जवसाचं तेल घालतात. ते हवेत वाळतं आणि अक्षराला कागदावर धरून ठेवतं. ते नेमकं संपलं होतं. मामाने यंत्राच्या वंगणाची बुधली उचलली आणि शाईत ओतली. वंगण कधीच वाळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण शाई लोण्यासारखी पसरली, अक्षरं काळीभोर उठली, आणि त्याने यंत्र चालू ठेवलं.

दोन वर्षांनी आईने एक प्रत त्याच्यापुढे धरली. प्रत्येक अक्षराभोवती पिवळट कडं उमटलं होतं.

"अरे, हे डाग कसले?"

"कागद हलका आहे ना, ताई. शाईतलं तेल पितो."

आईने ते खरं धरलं. पुढची दहा वर्षं कुणी पुस्तकाचं नाव काढलं की ती ओशाळून म्हणायची, "कागद मीच निवडला हो, माझंच चुकलं." मामा शेजारी असला तर नखांत अडकलेली शाई कोरत बसायचा.

मग एके दुपारी आईच्या हाताखाली शिकलेली एक सुईण छापखान्यात आली. तिने पुस्तक उघडून मामासमोर ठेवलं. तेल पसरून पान तपकिरी झालं होतं आणि पाठची अक्षरं पुढच्या अक्षरांत घुसली होती.

"काका, तुम्ही छापलंत, तुम्हाला तरी वाचता येतंय का? पायाळू मुलाचं पान आहे. गेल्या महिन्यात नेमकं हेच लागलं. अंदाजाने केलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण पुढच्या वेळी काय करू?"

मामाने पान उजेडात धरलं, भिंग लावलं. त्यालाही वाचता येईना. छापखाना उघडाच टाकून तो आमच्याकडे आला. आई शेंगा सोलत होती, मी जवळच होते. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वंगण, थंडी, बुधली. त्याचा चेहरा मला बघवेना.

आईचे हात थांबले. "म्हणजे कागदाचा दोष नव्हता?"

"नव्हता."

"दहा वर्षं मी लोकांची माफी मागतेय. आणि तू ऐकत होतास."

मामा खाली बसला. "ताई, शरमेने जीभच उचलली नाही गं."

"कागदाला नावं ठेवताना बरी उचलली!"

ती त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी माझ्याकरवी निरोप धाडला : वही-पेन्सिल घेऊन ये. मूळ वह्या केव्हाच वाळवीने खाल्ल्या होत्या. पुस्तकातलं जे वाचता येईना ते आई आठवून सांगायची, मामा मान खाली घालून लिहायचा. बरंच आठवलं, सगळं नाही. एका बाळंतपणाच्या हकिकतीत ती अडली. डोळे मिटून आठवून पाहिलं आणि म्हणाली, "गेलं ते." मामाने तिथे चार ओळींची जागा कोरी सोडली.

दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी त्याने स्वतःच्या नावाने निवेदन जुळवलं : 'पहिल्या आवृत्तीतली अक्षरं मुद्रकाच्या चुकीमुळे बिघडली.' कच्चं पान आईला दाखवलं. तिने 'चुकीमुळे'वर बोट ठेवलं.

"चूक वंगणाची. आणि माझ्या कागदाच्या माथी मारलंस ते?"

मामाने पान परत नेलं. छापलेल्या पुस्तकात निवेदनाखाली आणखी एक ओळ आहे : 'दोष कागदाचा, असं मी खोटं सांगितलं.' आईने ती वाचली, पुस्तक मिटलं आणि त्याला जेवायला थांब म्हणाली.