पारव्या रंगाचं पिल्लू

धम्मशीला वानखेडे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या रक्ततपासणी लॅबमध्ये होत्या. रिटायर झाल्या आणि त्याच वर्षी त्यांचा नवरा, सुखदेव, गेला. मुलगी तनिषा कार्डिफला. घरात उरली मैना, त्यांची चॉकलेटी लॅब्रडॉर. मैनामुळेच त्या कुत्रेवाल्यांच्या क्लबात गेल्या आणि तिथे लॅब्रडॉरची पैदास करणारी ज्यूडिथ भेटली. दर गुरुवारी दोघी कुत्र्यांना फिरवून आणायच्या, मग ज्यूडिथच्या किचनमध्ये चहा. कित्येक आठवडे माणसाशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

ज्यूडिथच्या ब्रूनो या चॉकलेटी लॅब्रडॉरपासून मैनाला सहा पिल्लं झाली. पाच चॉकलेटी. सहावं मात्र अंग सुकल्यावर पारव्यासारखं राखाडी दिसायला लागलं.

ज्यूडिथनं त्याला उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला. "हे ब्रूनोचं नाही. तुझं कुंपण तरी धड आहे का?"

क्लबात कुजबुज झाली. कुणी म्हणालं, दुसऱ्या जातीची भेसळ. कुणी म्हणालं, असले रंग आजकाल मुद्दाम काढतात. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "शेवटी प्रश्न शुद्ध रक्ताचा आहे."

हे शब्द धम्मशीलाबाईंनी लहानपणी नागपुरात ऐकले होते, माणसांबद्दल. त्या एवढंच म्हणाल्या, "टेस्ट करू या."

"कर की," ज्यूडिथ म्हणाली आणि ब्रूनोच्या लाळेचा नमुना तिनं स्वतः आणून दिला.

रिपोर्ट आला. बाप ब्रूनोच होता. रंग फिका करणारं जनुक मैनात एक, ब्रूनोत एक, दोघांतही लपलेलं. पिल्लात दोन्ही एकत्र आली होती.

ज्यूडिथनं कागद दोनदा वाचला. "हे कुणाला दाखवू नकोस. ब्रूनोची चाळीसएक पिल्लं आहेत."

"म्हणून तर दाखवायला हवं. अशा रंगाच्या काही कुत्र्यांचे केस गळतात, कातडी बिघडते. लोकांना आधी कळू दे."

"तुझं काय जातंय? मी तीस वर्षं घातलीत यात."

पुढच्या मीटिंगमध्ये धम्मशीलाबाईंनी रिपोर्ट वाचला. कुणी भांडलं नाही. ज्यूडिथनं कोट उचलला आणि ती निघून गेली. त्यानंतर गुरुवारी फोन आला नाही. त्यांनी केला, तो उचलला गेला नाही.

"आई, तू का सांगितला सगळ्यांना?" तनिषानं फोनवर विचारलं. "तुझे फ्रेंड्स तेच होते ना?"

"गप्प बसले असते तर तिच्या घरचा चहा घशाखाली उतरला नसता गं."

"पण आता तू एकटा... एकटी आहे."



पाच पिल्लं चांगल्या घरी गेली. राखाडी त्यांनी ठेवलं. वसंतात क्लबानं पैदाशीच्या कुत्र्यांना जनुकाची ही टेस्ट सक्तीची केली. क्लबानं सगळ्यांना पाठवलेल्या पत्रात त्यांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

मे महिन्यात माळावर लांबून ज्यूडिथ येताना दिसली. ब्रूनोनं मैनाला ओळखलं आणि शेपूट हलवत पुढे ओढ घेतली. ज्यूडिथनं पट्टा हाताला दोन वेढे देऊन आवळला आणि ती खालच्या वाटेला वळली. धम्मशीलाबाई दोन्ही कुत्री धरून उभ्या राहिल्या. हाक ओठापर्यंत आली होती. ज्यूडिथ झाडांआड गेली, तरी त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.