बारा वाजता माघारी

डोंगरावर जायचा बेत बाकीचे लोक निघायच्या वेळेपासून आखतात. तांडेल चाचा दुसऱ्या टोकाने सुरुवात करत. "शनिवारी मगरीब कवा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सूर्यास्ताची वेळ कळली की ते बोटांवर मागे मागे येत. अंधाराच्या दोन तास आधी गाडीपाशी, त्याआधी तीन तास उतरायला, पाऊण तास कुणाच्या तरी पायात गोळा येण्यासाठी. म्हणजे बारा वाजता माघारी, शिखर आलेलं असो वा नसो. घरून निघायची वेळ सर्वांत शेवटी ठरे आणि ती कुणालाच आवडत नसे.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. वडील मच्छीमार होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. चाचा स्वतः बाविसाव्या वर्षी सौदीला आले आणि पुढची तीसेक वर्षं क्रेनने ओझी उचलत राहिले. थुवालच्या विद्यापीठात मी एका प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते. तिथे एक अवजड यंत्र वर चढवायचं होतं, तेव्हा कंत्राटदाराचे फोरमन म्हणून ते आले. तासभर त्यांनी नुसते पट्टे तपासले, आठ जणांना उन्हात उभं ठेवलं आणि मग चार मिनिटांत यंत्र जागेवर ठेवलं. असा माणूस मला आवडतो. थंडीत डोंगर चढणारं आमचं बारा-पंधरा मराठी माणसांचं टोळकं होतं. चाचा त्यात आले आणि दुसऱ्याच खेपेला कुणी न नेमता म्होरके झाले. तांडेल हे नावही तेव्हाच पडलं.

मंगळवारी संध्याकाळी गेटबाहेरच्या बुफियात, म्हणजे चहा-सँडविचच्या टपरीत, बैठक होई. फाडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चाचा वाट काढून दाखवत. प्रत्येकाला एकच काम. "दोन कामं दिली की माणूस दोन्ही दुसऱ्यावर ढकलतो." माझ्याकडे वेळ. डोंगरावर ते स्वतः घड्याळ बांधत नसत, कारण म्होरक्या सारखा मनगट बघू लागला की मागचे घाबरतात, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी पहाटे गाड्यांपाशी ते प्रत्येकाची पिशवी हुकाच्या काट्याला टांगत. गावी जाताना बॅगा तोलायचा हा काटा इथे घरोघरी असतो. सहा किलोच्या वर काही असलं की काढायचं. आमच्या ह्यांच्या पिशवीत एकदा पुलावाचा अख्खा कुकर निघाला.

"साहेब, ह्यो वर नेऊन शिट्ट्या काढायच्यात काय?"

"चाचा, गरम राहतो हो."

"तुमी पण गरम व्हाल. ठेवा डिकीत."

ताइफकडे जायला सरळ रस्ता मक्केतून. आम्ही बिगर-मुसलमान, आम्हाला बाहेरून वळसा. चाचा आणि त्यांचे कामगार कॅम्पातले तिघे सोबती सरळ जाऊन तासभर जास्त झोपू शकले असते. ह्यांनी तसं सुचवलंही. चाचा म्हणाले, "दोन वाटांनी गेलेली माणसं मोजायची कुठं?" आणि आमच्या मागोमाग वळशाला लागले. दर वेळी.

ताइफजवळ शफाच्या डोंगरांत एक शिखर आहे. खालच्या अर्ध्या वाटेवर अराराचं, म्हणजे इथल्या ज्युनिपरचं, दाट जंगल. वर उघडा कडा. तिथून स्वच्छ दिवशी समुद्र दिसतो असं कुणीतरी चाचांना सांगितलं होतं. इतका लांबून दर्या दिसतो का, हे त्यांना एकदा स्वतः बघायचं होतं. दोन वेळा गेलो, दोन वेळा परतलो. पहिल्यांदा धुकं उतरलं. दुसऱ्यांदा ह्यांच्या बुटाचे तळ सुटले. वर्षभर डिकीत भाजलेले बूट ऐन चढावर दगा देतात. दोन्ही वेळा चाचांनी तक्रार केली नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र पुढची खेप नव्हती. त्यांचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परतायचा व्हिसा, लागला होता, सोमवारी विमान. ह्या वेळी मी बेत त्यांच्याहून कडक आखला. सगळ्यांचे बूट आदल्या आठवड्यात तपासले, निघायची वेळ अर्धा तास अलीकडे ओढली. आणि मग मीच एक मूर्खपणा केला. चाचांचा सत्कार करू या, म्हटलं. जंगलात नाश्त्याला थांबतो तिथे, शाल-श्रीफळ, दहा मिनिटं.

मराठी माणसांचा सत्कार दहा मिनिटांत आटोपेल असं मला वाटलंच कसं, कोण जाणे. चौदा जणांपैकी नऊ जण बोलले. एकाने कविता केली होती, दुसऱ्याला त्याची बायको "आता पुरे" म्हणाली तरी कळेना. चाचा दगडावर शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसून होते. मान देणाऱ्यांपुढे वेळ विचारायची कशी, म्हणून विचारली नाही. मीही उठून थांबवलं नाही. पाऊण तास गेला.

जंगल संपून कड्यावर आलो तेव्हा शिखर समोर होतं, वीस-पंचवीस मिनिटांवर.

"बाय, किती झाले?" चाचांनी मागे न बघता विचारलं.

"पावणेबारा," मी म्हटलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात खालच्या गावातून जोहरची, म्हणजे बारा टळल्यावरच होणारी, अजान आली. चाचा थांबले. त्यांनी अजान पुरी होऊ दिली. मग ते माझ्याकडे वळले.

"आज बांग देणाऱ्याला लय घाई झालेली दिसते."

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही जाऊन या. आम्ही इथेच बसतो. परवा तुम्ही जाणार."

"परवा मी जाणार. तुमी पुढल्या वर्षी पुना येणार ना? मग माझ्यासाठी आज नियम मोडला, तर तवा कुणासाठी मोडाल?"

सपाट दगड बघून त्यांनी नमाज पढली. उठले, बोटाने चौदा माणसं मोजली आणि खाली चालू लागले. उतरताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शाल चांगली आहे गो. ऊब आहे." मला तोंड वर करून बघवेना. मी रडणाऱ्यांतली नाही, म्हणून भराभर उतरले.

चाचांनंतर म्होरकेपण माझ्याकडे आलं. पुढच्या थंडीत आम्ही शिखरावर पोचलो, अकरा चाळीसला. खाली तिहामाच्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या, सपाटीवर पिवळट धूळ पसरली होती. समुद्र नाही, समुद्राची रेघही नाही. ह्यांचं म्हणणं, दिसला म्हणून कळव, म्हाताऱ्याला बरं वाटेल. मी चाचांना निरोप पाठवला: पोचलो, सगळे ठीक, धूळ होती, दर्या दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आवाजातला निरोप आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"खरं सांगितलंस ते बरं केलंस. आता ऐक. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, धूळ बसलेली असते. शनिवारी मगरीब कवा आहे ते बघ, आणि तिथून मागं ये."