मोठी काकी रडली नव्हती

आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मासिकात मी लिहायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावापासून पंधरा मिनिटं चाललं की मराठी शाळा होती, तिथे मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिन जाऊन मराठीतून सुरू झाली त्याला फार वर्षं झाली नव्हती. घरी आम्ही आमची बोली बोलायचो, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि चर्चमध्ये तिसरीच, जरा इस्त्री केलेली. लिहायचं म्हटलं की मला ती इस्त्रीचीच आठवायची.

मासिकाचे संपादक म्हणजे आमच्याकडचे एक फादर. पन्नाशीचे, किरकोळ बांध्याचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. फादरांच्या घराच्या तळमजल्यावर एका खोलीत ते मासिकाचं सगळं काम एकटे करत. आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं चार पानी भाषण मी वाचलं होतं. ते फादरांनी ऐकलं आणि जाता जाता म्हणाले की मासिकासाठी काहीतरी लिहून दे.

मी लगेच लिहिलं. पहिला लेख प्रार्थनेच्या महत्त्वावर, दुसरा क्षमेवर, तिसरा आईच्या मायेवर. तिन्ही परत आले. पहिल्या दोन लेखांवर पेन्सिलीची एक बारीक रेघ सोडली तर काहीच नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं. खुर्चीवरचे जुने अंक उचलून जमिनीवर ठेवले, मला बसवलं आणि म्हणाले, "हे प्रवचन आहे. प्रवचन करायला मी आहे, दर रविवारी. तू काय पाहिलंस ते लिही."

मी म्हटलं, आमच्या गावात लिहिण्यासारखं काही घडत नाही. ते हसले. तुमच्या आळीत कोण कोणाशी बोलत नाही, तिथून सुरुवात कर, म्हणाले.

ते मला शोधावं लागलं नाही. आमच्या वाडीला लागूनच दोन भावांच्या वाड्या होत्या. विहीर एकच, तिच्यावरचं इंजिनही सामाईक. पाण्याची पाळी तीन दिवस थोरल्याची, तीन दिवस धाकट्याची, रविवारी इंजिन बंद. भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलत, पण त्यांच्या बायका, म्हणजे मोठी काकी आणि धाकटी काकी, सात-आठ वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडणाचं मूळ बांधावरचं एक फणसाचं झाड होतं असं म्हणत. ते झाड केव्हाच पडून गेलं होतं.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात धाकटी काकी आजारी पडली. मुंबईला मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. नवरा तिच्यापाशी, मुलं तिच्या माहेरी. वाडीला पाणी द्यायला एक गडी सांगून ठेवला होता, तो चार दिवस आला आणि यायचा बंद झाला. मार्चचं ऊन. धाकट्या काकीच्या पानवेली माना टाकू लागल्या. आणि एका सकाळी आमच्या परसातून मी पाहिलं की मोठी काकी लुगडं खोचून, हातात फावडं घेऊन पाटाचा बांध फोडते आहे. आपल्या पाळीचं पाणी तिने जावेच्या वाडीत सोडलं, वेलींपर्यंत पोचेस्तोवर उभी राहिली आणि फावडं खांद्यावर टाकून घरी गेली.

एवढंच मी पाहिलं होतं. लिहिताना मात्र ते मला फार थोडं वाटलं. मग मी मोठ्या काकीला शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला नेलं, येशूचं शव मरियेच्या मांडीवर ठेवतात त्या चित्रापाशी गुडघ्यांवर बसवलं, तिच्या डोळ्यांतून धारा लावल्या, आणि तशीच ओल्या डोळ्यांनी तिला विहिरीवर आणली. नावं कोणाचीच घातली नाहीत.

फादरांनी लेख वाचला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. फक्त एका वाक्यावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, "हे रडणं तू पाहिलंस?"

"रडली असेलच ना," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल त्या वाक्यावरून उचलली नाही. पण छापखान्याचा माणूस बाहेर सायकल धरून उभा होता. लेख तसाच गेला.

अंक आला तो ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. मिस्सा सुटल्यावर मी स्वतःच गठ्ठा घेऊन चर्चच्या दाराशी उभी राहिले. मासिक विकणं हाही लिहिणाऱ्याच्या कामाचा भाग आहे असं फादरांचं म्हणणं होतं. कोण घेतं, कोण चाळून परत ठेवतं, ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघ, म्हणायचे. त्या दिवशी सगळेच घेत होते. नाव नसलं म्हणून काय झालं, दोन वाड्या आणि एक विहीर म्हटल्यावर गावाला कोड्यात पडायचं कारण नव्हतं. एकीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली की वाचता वाचता रडू आलं. मी तरंगतच घरी आले.

धाकटी काकी तोवर बरी होऊन परतली होती. तिलाही कोणीतरी अंक नेऊन दिला. ईस्टरच्या दिवशी ती मोठ्या काकीच्या दारात गेली, तिच्या गळ्यात पडली आणि खूप रडली. ही बातमी दुपारपर्यंत आळीभर झाली. आमच्या आईने मला बोलावून सांगितलं, तुझ्या लिहिण्याने हे झालं. मला तर तो चमत्कारच वाटला.

पुढच्या आठवड्यात मोठ्या काकीचा निरोप आला की येऊन जा. मला वाटलं, आशीर्वाद देणार. ती पडवीत वेली बांधायला केळीच्या सोपट्याचे बंद फाडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, सुनेने वाचून दाखवलंय, पण तू वाच, तू लिहिलंस ना. मी वाचू लागले. क्रूसाच्या वाटेपाशी आले तेव्हा तिने हात वर केला.

"बाय, मी कवा रडले?"

मी अंक मिटला. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती खाडीकडच्या मिठागरांच्या गावातून लग्न होऊन आलेली, तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी, आणि बोलणं मुळातच कमी. बंद फाडता फाडता ती हळूहळू सांगत गेली. गडी यायचा बंद झाला ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वेली सुकताना तिने पाहिल्या होत्या. मनात काय आलं तेही तिने सांगितलं.

"दोन दिस मी नुसती बघत राहिले. बरं वाटत होतं मला. तिसऱ्या दिसाला पानी सोडलं. वेलींचं काय भांडन होतं माझ्याशी? रडले-बिडले नाय. आनि ती येऊन माझ्या गळ्यात पडली, म्हनाली, तू माझ्यासाठी रडलीस. आता मी काय सांगू तिला?"

 मी विचारलं, आता मी काय करू? ती म्हणाली, तू लिवलंस, तूच बघ.

तिथून मी सरळ फादरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले की प्रश्न मी विचारला होता, उत्तर पटलं नव्हतं आणि तरी छापलं, तेव्हा अर्धी चूक माझी आहे. मग म्हणाले, पुढच्या अंकात खरं लिहू या. मी घाबरले. दोन दिवसांचं छापलं तर जुळलेलं पुन्हा मोडेल, असं मी म्हटलं. मोडू नये असं मला मनापासून वाटत होतं, पण माझा चमत्कार माझ्या हातून जाऊ नये असंही वाटत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. फादर म्हणाले, "गोष्ट तिची आहे. तिला विचार."

मी पुन्हा पडवीत गेले. मोठी काकी ऐकून घेऊन म्हणाली की आधी मी तिला सांगेन, मग तू छाप. आणि तसं तिने केलं. एका सकाळी ती धाकटीच्या वाडीत गेली, वेलींमध्ये उभी राहून दोन दिवसांचं सांगितलं आणि परत आली. पुढचे दोन रविवार धाकटी काकी चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसली.  शाळेत पोरांचे पाढे ऐकताना माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू करायला मोठी काकी विहिरीवर गेली, तिथे धाकटी आधीच येऊन उभी होती. हे मला पुढे दोघींनीही, वेगवेगळ्या वेळी, सांगितलं. धाकटी म्हणाली, "दोनच दिवस बघत राहिलीस? मी असते तर आठवडा काढला असता." आणि मग दोघी हसल्या. त्यानंतर त्या गळ्यात गळे घालून फिरल्या असं काही नाही. पण बोलू लागल्या, पाण्यावरून अधूनमधून भांडूही लागल्या, आणि ते भांडण संध्याकाळपर्यंत संपायचं.

दुसरा लेख मी सहा वेळा लिहिला. आता इस्त्रीची भाषा चालेना, कारण "बरं वाटत होतं मला" हे वाक्य त्या भाषेत बसतच नव्हतं. शेवटी काकीचं बोलणं ती बोलली तसंच ठेवलं. छापखाना वसई गावात होता. तिथले अक्षरांचे खिळे जुळवणारे काका हिंदू, वयाने वडिलांएवढे, शुद्धलेखनाचे फार कडक. पहिल्या प्रूफात त्यांनी 'पानी'चं 'पाणी' केलं. मी दुरुस्त करून पाठवलं. दुसऱ्या प्रूफात पुन्हा 'पाणी'. तेव्हा शाळा सुटल्यावर मी एसटीने वसईत गेले.

काका म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका. लोक म्हणतील छापखान्याला ण आणि न कळत नाही."

मी त्यांना काकीची सगळी गोष्ट सांगितली. हातातला चिमटा खाली ठेवून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग त्यांनी तोडगा काढला: अवतरणचिन्हांच्या आत बाईंचं राज्य, बाहेर माझं. तो नियम आम्ही पुढे दहा-अकरा वर्षं पाळला. त्यांनी मला प्रूफाच्या खुणा शिकवल्या, ओळ कुठे तोडावी ते दाखवलं, आणि एकदा माझ्या लेखातला शेवटचा परिच्छेद बोटाने झाकून म्हणाले, हा काढून बघा. काढला, तर लेख सुधारला. ख्रिस्ती लेखन मी ज्यांच्याकडून शिकले त्यांत हे काकाही येतात, असं फादरांना सांगितलं तेव्हा ते नुसते हो म्हणाले.

मासिकाची बाकीची कामंही हळूहळू माझ्याकडे आली. अंकांना कागदी पट्ट्या गुंडाळणं, वर्गणीदारांचे पत्ते लिहिणं, लग्नातल्या बँडवाल्यांकडून आणि मांडववाल्यांकडून जाहिराती आणणं. बँडवाला जाहिरातीत सनईवाल्याचा फोटो हवाच म्हणून हटून बसायचा आणि त्या फोटोचा ब्लॉक छापताना दरवेळी काळा यायचा. आखातात गेलेल्या मुलांना अंक पोचला नाही की त्यांच्या आया मला आठवडा-बाजारात गाठायच्या. कुठल्या घरात कोण वाचतं आणि कोण ऐकतं हे मला त्या पत्त्यांवरून पाठ झालं. लिहिताना मी ऐकणाऱ्या बायकांसाठी लिहू लागले, कारण त्याच जास्त होत्या.

आणि बायका येऊन सांगू लागल्या. पाणी तापत घातलेलं असायचं, मी वह्या तपासत असायची, आणि कोणीतरी पायरीवर टेकायचं. काही जणी म्हणायच्या, हे लिही. काही सगळं सांगून झाल्यावर म्हणायच्या, हे लिहू नकोस हं. ऐंशीनंतर फादरांची बदली दूरच्या धर्मग्रामात झाली, मासिकाला नवे संपादक आले, इमारतींसाठी वाड्या विकल्या जाऊ लागल्या, तरी पायरीवरचं हे येणं थांबलं नाही.

गावच्या सुईणीचं मला विशेष आठवतं. अर्ध्या गावाला तिने जगात आणलं होतं. तिच्या एका मुलीबद्दल तिने एका दुपारी मला असं काही सांगितलं की ऐकतानाच मला पहिलं वाक्य सुचलं होतं. सांगून झाल्यावर तिने माझं मनगट धरलं आणि लिहिणार नाहीस असं म्हण, म्हणाली. मी म्हटलं. पुढे ती वारली तेव्हा मासिकात तिच्यावर दोन पानं मी लिहिली. त्यात तिचे हात होते, पावसातून चालत जाणं होतं, तिचा कंदील होता. महिन्याभराने तिची ती मुलगी अंक घेऊन माझ्याकडे आली. फार छान लिहिलंय म्हणाली, आणि मग तिने विचारलं की आई माझ्याबद्दल कधी काही बोलली होती का.

"तुझ्याबद्दल पुष्कळ बोलायच्या," मी म्हटलं. ते खरं होतं. तिला चहा दिला, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून तिच्या आईच्या हातचा गूळ घातलेला काढा कसा असायचा ते आठवत राहिलो.