पाहुण्यांच्या मापाचे बूट

गिऱ्हाइकाला परत पाठवण्यासाठी दुकान थाटणारा माणूस जगात एकच झाला, आणि ते म्हणजे माझ्या वहिनीचे मामा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाकी सगळ्या बाबतींत मी त्यांच्याविषयी तेव्हाही गोंधळलेला होतो आणि आजही आहे. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं दुकान होतं. तळाला खिळे मारलेले बूट, काठ्या, कॅनव्हासच्या थैल्या, कंदील, घोंगड्या. पुण्यामुंबईची हौशी मंडळी लोहगड-विसापूर चढायला येत आणि आधी मामांच्या तावडीत सापडत. "कुठं निघालात?" असं विचारून मामा त्यांना तिकडे न जाण्याची कारणं सांगत. एका जाडजूड वकिलांनी काठी मागितली, तर मामा म्हणाले, "दुकानाच्या तीन पायऱ्यांनी तुम्हाला धाप लागलीय. काठी काय करणार? बसा, चहा घ्या." वकील बसले, दोन तास गप्पा मारून रिकाम्या हातांनी गेले, आणि जाताना मामांचे आभार मानून गेले. स्वतः मामा आयुष्यात एक टेकाडसुद्धा चढले नव्हते. "मला ही पायरी पुरते," असं ते दुकानाच्या दारात उभे राहून सांगत.

मी मॅट्रिक होऊन, लग्न करून, नोकरीच्या शोधात होतो तेव्हा वहिनीने मला तिथे चिकटवून दिलं. मी भाचीचा दीर, म्हणून मामा मला अखेरपर्यंत 'पाहुणे' म्हणत. त्या नोकरीत सुख होतं की दुःख, हे मला धड सांगता येत नाही. गार वारा, कोऱ्या कॅनव्हासचा वास, गडावरून उतरलेल्या माणसांच्या थापा आणि अमाप चहा, हे सुख. दुःख सगळं पायांत होतं. नव्या बुटाने गिऱ्हाइकाच्या पायाला फोड आलेला मामांना सहन होत नसे. "पाहुणे, हे जरा चार दिवस पायात वागवा," म्हणत ते लाकडासारखा कडक जोड माझ्यापुढे ठेवत. मी लंगडत खंडाळ्याला जाऊन यायचो. कातडं मऊ झालं, चालताना जरा बरं वाटू लागलं, की तो जोड विकला जाई आणि नवा पुढे येई. त्यात मामा बूट मागवत तेही फक्त माझ्याच मापाचे. "मामा, सगळ्यांचे पाय माझ्याएवढे नसतात हो," असं मी एकदा धीर करून म्हणालो. "मग दुसऱ्या मापाचे मऊ कोण करणार?" मामांनी विचारलं. मी पुढचा जोड पायात चढवला.

अशी तीन वर्षं गेल्यावर मला रेल्वेचं पत्र आलं. भुसावळला कारकुनी, राहायला खोली. म्हणजे तळेगावला माहेरी ठेवलेल्या बायकोला आणता येणार होतं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तरी ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. फळीवर माझ्या मापाचे अकरा जोड होते. मी गेल्यावर त्यांचं काय? शेवटी सांगितलं तेव्हा मामा नुसते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मला दुकानात बसवून ते सकाळच्या गाडीने कुठेतरी जाऊ लागले. तिन्हीसांजेला लंगडत परत येत, आणि विचारलं तर "गुडघा धरलाय" एवढंच म्हणत. माझ्याशी बोलणं नको म्हणून हे चाललंय, असं मी धरून चाललो. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी, निघायच्या सकाळी, लोहगडवाडीची लोणी विकणारी मावशी दुकानात आली आणि मामांना म्हणाली, "आबा, पाय कसा हाय आता?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी तिला विचारलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमाला ठावं न्हाई व्हय? तीन दिस सारखं येत्यात. गडाच्या दरवाजापत्तुर चढत्यात आन् उतरत्यात. बुटात चिंध्या कोंबलेल्या. म्या म्हनलं, वहाना घालून या की. तर म्हनत्यात, बूट माजं न्हाईत, पाव्हन्याचं हायती!"

"लोणी वितळतंय, मावशी," मामा ओरडले. मग त्यांनी फळीखालून एक जोड काढून माझ्यापुढे ठेवला. "नव्या गावी जाताय. तिथं नवे बूट चावायला नकोत. तुमच्यासाठी मऊ करणारं दुसरं होतं कोण?"

मी बूट घातले. तीन वर्षांत पहिल्यांदा पायाला काहीच टोचलं नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच बराच वेळ नाडी बांधत बसलो.

मामा चालताना उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत. त्यामुळे त्या जोडाची उजवी टाच तिरकी झिजली होती. भुसावळला बायकोने विचारलंही, "तुम्ही असे एका अंगाला कलून का चालता?" ते बूट पुढे फाटले. मामाही गेले. दुकान सोडलं ते बरं केलं की वाईट, याचा निवाडा मला अजून करता येत नाही. चालताना मी मात्र आजही थोडा उजवीकडे कलतो. नवे बूट घ्यायला कुठल्या दुकानात गेलो, की पाय पुढे करण्याआधी विचारावंसं वाटतं, "हे आधी कुणी घालून चाललंय का हो?"