अक्का मंगळवेढ्याला का राहिली

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या गारठ्यात मी पुणे स्टेशनवर सोलापूरच्या गाडीत चढलो, तेव्हा मी कुठे चाललोय हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. ज्या बहिणीला भेटायला निघालो होतो, तिला मी मुद्दामच कळवलं नव्हतं. छत्तीस वर्षं मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचं काम केलं. जळालेली दुकानं, भिजलेला माल, एकाएकी आजारी पडलेली माणसं, हे सगळं जाऊन डोळ्यांनी पाहायचं आणि अहवाल लिहायचा. कळवून गेलं की लोक आपल्याला दाखवायचं तेवढंच दाखवतात, एवढं त्या नोकरीत मी पक्कं शिकलो.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सोलापुरात तीस वर्षं शाळेत शिकवत होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सात महिन्यांपूर्वी ती महादेवी नावाच्या बाईबरोबर ‘आठ दिवस रानात राहून येते’ म्हणून मंगळवेढ्याला गेली, ती परतलीच नाही. ही महादेवी पूर्वी गावाहून सोलापुरात येऊन तिच्या दारावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला यायची. एवढीच ओळख.

तिकडून अक्काचे फोनवर बोललेले निरोप येत. आधी ती लिहायची, तेही ऱ्हस्व-दीर्घ तपासून. आता एकदम बोलायलाच लागली. आणि काय बोलायची! हस्ताचा पाऊस झाला आणि ज्वारी पेरली. थंडी पडली, हरभऱ्याच्या पानांवरचं दव जिभेला आंबट लागतं. आयुष्यभर वेळापत्रकाबाहेर न बोललेली माझी बहीण ही. शेवटच्या निरोपात तिच्यामागे दबक्या आवाजात एक बाई बोलताना मला स्पष्ट ऐकू आली, “कडंची करडई पिवळी झालीया, ते सांगा की.” आणि लगेच अक्का म्हणाली, “बांधाकडची करडई पिवळी झाली आहे.”

तो निरोप मी नऊ वेळा ऐकला. कुणी माणसाला पढवत असलं तर ते मला लगेच कळतं. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

दौंड गेल्यावर समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या गृहस्थानं पिशवीतून बोरं काढली आणि ओंजळभर माझ्यापुढे धरली.

“घ्या की पाव्हणं. आमच्या बांधावरची हायती.”

“नको. डॉक्टरांनी मना केलंय.”

“बोरं कोन मना करतंय व्हय?” त्याला खरोखरच नवल वाटलं. मग तो स्वतःच खाऊ लागला. त्याला गुंगी येते का, ते मी पाहत राहिलो. उलट तो केमपर्यंत थंडीवर बोलत होता. औंदा थंडी टिकली, त्यामुळे हरभरा कसा फुगलाय, हे त्यानं असं सांगितलं, की जणू घरातल्या बाळाचं कौतुक चाललंय. केमला उतरताना मूठभर बोरं माझ्या शेजारी ठेवून गेला. कुर्डुवाडी गेल्यावर मी एक खाल्लं. फार गोड होतं. म्हणून दुसरं खाल्लं नाही.

सोलापुरात उतरून मी आधी अक्काच्या घरी गेलो. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. शेजारच्या सरोजाबाई दारातच उभ्या होत्या. घरात तेलुगू चालू होतं, माझ्याशी त्या मराठीत बोलल्या.

“टीचर मंगळवेढ्याला हायत की. महादेवी घेऊन गेली.”

“घेऊन गेली म्हणजे?”

“हाताला धरून जिना उतरवलं तिनं. पिशवीबी तिनंच घेतली.”

“अक्का काही बोलली नाही?”

“काय बोलणार? ‘बरंय, सरोजा’ म्हणाल्या.” मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. “तुम्ही कोन त्यांचे?”

मी डायरीत लिहिलं: हाताला धरून नेलं. सामान दुसऱ्याच्या ताब्यात.

स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो. पापडासारखी कडक भाकरी दह्यात मोडायची, वर तेल घातलेली शेंगाचटणी. वाढणाऱ्यानं न मागता दुसऱ्यांदा दही घातलं. मी त्याच्याकडे पाहिलं तसा म्हणाला, “खावा की, दुपार हाय.” ह्या गावात माणसं विचारल्याशिवाय देतात, तेव्हा जपून असलेलं बरं, असं मला वाटलं. दही मात्र संपवलं.

एसटीच्या खिडकीतून तासभर एकच देखावा होता. काळं रान आणि त्यावर डोक्याइतकी ज्वारी, मध्येच करडईचा पिवळा पट्टा, क्वचित एखादी बाभळ. कंडक्टरला मी सरोजाबाईंकडून घेतलेलं महादेवीच्या वस्तीचं नाव सांगितलं होतं, पण त्यानं मला एक फाटा आधीच उतरवलं. दीड-दोन किलोमीटर चालावं लागलं. ढेकळांत चपलेचा अंगठा तुटला. तरी एका अर्थी बरंच झालं, कारण मी वस्तीच्या समोरून न येता मागून पोचलो.

ज्वारीच्या आडोशाला उभा राहून मी पाहू लागलो. पंधरा पावलांवर अंगणवजा मोकळी जागा. अक्का बाजेवर बसलेली. वाळली होती, पण रंग उजळ. शेजारी साठीतली एक ठसठशीत बाई, कपाळावर विभूती. तिनं अक्काचं मनगट धरून हात पुढे केला आणि कणसावर टेकवला. मग हळूच काही बोलली. अक्का हसली. अक्काला असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

“कोन हाय रं तितं?”

मागून आवाज आला. वळून पाहिलं तर हातात विळा घेतलेला उंच म्हातारा. मी एका हातात तुटकी चप्पल धरून दुसऱ्याच्या ज्वारीत वाकून उभा होतो.

“मी... भेटायला आलोय.”

“रस्ता सोडून? कणसं मोडाय आलास व्हय?”

एवढ्यात अक्का बाजेवरून म्हणाली, “शिवप्पा, सोडा त्याला. तो माझा भाऊ आहे. अरू, पुढून यायला काय झालं होतं?”

मला तिनं आवाजावरून ओळखलं होतं. त्या गडबडीत हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शिवप्पा म्हणजे महादेवीचा नवरा. त्यानं विळा खाली ठेवला, पण विश्वास ठेवला नाही. महादेवीनं मात्र कानडीत “बर्री, बर्री (या, या)” म्हणत पाणी दिलं आणि माझी चप्पल काढून घेऊन तारेनं सांधायला नवऱ्याकडे दिली. संध्याकाळी हुरडा भाजला. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची, आणि गरम असतानाच तळहातावर चोळून हिरवे दाणे फुंकून घ्यायचे. शिवप्पा चोळून द्यायचा, मी खायचो. दाणा दुधाळ, धुराचा किंचित वास, तोंडी लावायला चटणी, गूळ आणि घट्ट दही. “साकु (पुरे),” असं मी महादेवीकडून शिकून तिसऱ्यांदा म्हणालो, तरी वाढणं थांबेना.

पण खातानाही माझं काम चालूच होतं. महादेवी अक्काच्या हाताच्या अंतरावरून हलत नव्हती. ताटली अक्काच्या हातात तीच देत होती. मी अक्काला विचारलं की उत्तर महादेवीकडून यायचं. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे अक्का माझ्याकडे पाहतच नव्हती. बोलताना तिची नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी जायची. चौकशीच्या खोलीत अशी नजर मी शेकडो वेळा पाहिलीय. काहीतरी लपवणारा माणूस असाच पाहतो.

मी उठलो. “अक्का, मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय.”

महादेवी घुटमळली. “बाईंस्नी एकलं सोडू नका, अंधारतंय...”

“का? तुमच्याशिवाय ती बोलू शकत नाही का? तुम्ही पढवाल तेवढंच बोलायचं का तिनं?”

महादेवीचा चेहरा उतरला. ती चुलीकडे गेली. शिवप्पा माझ्याकडे बघत राहिला, मग तोही उठला.

“अक्का, खरं सांग. हिनं तुला का ठेवून घेतलंय? घराची कागदपत्रं कुणाकडे आहेत? माझ्याकडे बघून बोल.”

अक्कानं मान वळवली, पण भलतीकडेच. “बघतेय की तुझ्याकडे,” ती म्हणाली. “हे असंच बघावं लागतं मला.”

आणि मग मला एकदम कळलं. चाळीस वर्षं ठेवलेली मिशी मी दिवाळीत काढून टाकली होती. बोडक्या तोंडानं दोन तास तिच्यासमोर बसलो होतो, आणि माझ्यावर एकही टोमणा न सोडता ती बसली होती.

“अक्का, किती दिसतंय तुला?”

“मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. समोर धरलं की तिथे नेमका डाग येतो. तुझा कान दिसतोय, तोंड नाही.” तिनं हे उत्तरपत्रिकेतले गुण सांगावेत तसं सांगितलं. “डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढत जाणार. गेल्या उन्हाळ्यात कळलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी येऊन पुण्याला नेलं असतंस. चौथ्या मजल्यावर खुर्ची टाकून दिली असतीस. प्रेमानंच, माहितीय मला. अरू, तीस वर्षं मी फळ्यावर ऋतू लिहिले. कुठल्या महिन्यात कुठलं पीक, मुलांकडून पाठ करून घेतलं. एकदाही उभी राहून पाहिलं नव्हतं. म्हटलं, दिसतंय तोवर एक अख्खं वर्ष बघून घ्यावं. जे दिसत नाही ते महादेवी सांगते. घराची कागदपत्रं बँकेत आहेत, चुलीत घातली नाहीत तिनं.”

माझा संशय खरा ठरला होता, अक्का काहीतरी लपवतच होती. पण अहवालात चोर म्हणून मी भलत्याच माणसाचं नाव लिहून बसलो होतो.

चुलीपाशी जाऊन मी महादेवीला म्हणालो, “माझं चुकलं.” माफी मागायची मला सवय नाही. त्यामुळे लगेच पुढचंही विचारून बसलो, “पण तुम्ही हे सगळं का करता? तुम्हाला यात काय मिळतं?”

तिला राग यायला हवा होता. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “मिळतंय की. काय न्हाय मिळत व्हय? पोरी नांदायला गेल्या. हे मालक दिवसात चार शब्द बोलत्यात, त्यातले दोन बैलाशी. बाई इचारत्यात, महादेवी, हरभऱ्याचं फूल कसल्या रंगाचं? पंचवीस वर्सं ह्या रानात हाय मी, सायेब. कधी बगितलंच नव्हतं. बाईंनी इचारल्यावर वाकून बगितलं. जांभळट असतंय. लई बारीक, लई देखणं.” मग भाकरी माझ्या ताटात टाकत म्हणाली, “आता म्याच बगत बसते. स्वैपाक उशिरा होतोय.”

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, पण मी तीन दिवस राहिलो. सकाळी महादेवी धारा काढायला गेली की अक्का मला बांधावर घेऊन जाई, खरं तर मी तिला नेई. “सांग, काय दिसतंय?”

“ज्वारी आहे. पलीकडे रस्ता. वर आभाळ.”

“अहवाल लिहितोयस का? नीट बघ.”

मी नीट बघितलं. धुकं ज्वारीच्या गुडघ्यापर्यंत होतं आणि वरची कणसं उन्हात कोरडी झाली होती. भोरडी पक्ष्यांचा एक थवा उठला आणि पुन्हा बसला. मी सांगू लागलो, अडखळत, आणि अक्का डोळे मिटून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, “किती होते?” मी म्हटलं, मोजले नाहीत. ती म्हणाली, “शाबास.”

निघताना मी तिला पुण्याला चल म्हणालो नाही. उन्हाळ्यात, खळी झाल्यावर, ती काय ते ठरवेल. एसटीत बसल्यावरही मनात शंका होतीच: तिला इथे सोडून चाललोय ते बरोबर का? रात्री-बेरात्री पडली तर? महादेवीच थकली तर? ह्या शंका निराधार नाहीत आणि त्या जाणारही नाहीत. माझा तो स्वभावच आहे. फक्त आता त्यांच्या जोडीला माझ्यापाशी अजून काहीतरी होतं आणि त्याला काय म्हणायचं ते मला कळत नव्हतं.

पुण्यात रिक्षातून उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक झाड आहे. पान एकही नव्हतं, पण फांद्या खालपासून टोकापर्यंत फिक्या गुलाबी फुलांनी भरून गेल्या होत्या. बावीस वर्षं मी त्या फाटकातून ये-जा करतो. बॅग खाली ठेवून मी उभा राहिलो.

वॉचमन बाहेर आला. “काय झालं साहेब?”

“ह्या झाडाचं नाव काय?”

“उंदीरमारी म्हणतात.” त्यानं माझ्याकडे, मग झाडाकडे पाहिलं. “का? तक्रार करायचीय? तोडायचंय का?”

“नाही. नुसतं बघतोय.”

“बरं,” तो म्हणाला. पण त्याचा विश्वास बसला नाही. मी वर जाईपर्यंत तो फाटकाशी माझ्यावर नजर ठेवून उभा होता.